दोन बेस समोर ठेवून निवड करताना: काय बदलतं, काय बदलत नाही

दुकानात दोन बेस गिटार हातात घेतले. एक लोण्यासारखा वाजला, दुसऱ्याच्या तारा दाबताना बोटं दुखून आली. बहुतेक जण इथेच निर्णय घेतात आणि पुष्कळदा फसतात. तो फरक बेसचा नसतो, सेटअपचा, म्हणजे जुळवणीचा असतो. एकाच्या तारा कुणीतरी बसून नीट लावलेल्या असतात, दुसरा खोक्यातून काढून तसाच भिंतीवर टांगलेला असतो.

म्हणून तुलना सुरू करण्याआधी मनात एक रेघ मारायची. रेघेच्या अलीकडे पाना आणि स्क्रूड्रायव्हरने तासाभरात बदलतं ते सगळं: तारांची उंची, नेकचा (बोटं फिरतात त्या लांब दांड्याचा) बाक, खुद्द तारा, पिकअपची (तारांखालच्या, नाद पकडणाऱ्या चुंबकाची) उंची, इंटोनेशन (प्रत्येक ठिकाणी दाबलेला स्वर सुरात येणं). पलीकडे तुमच्याबरोबर कायम राहणारं: स्केल (तारेची वाजणारी लांबी), नेकची रुंदी आणि जाडी, वजन, तोल, फ्रेटचं (नेकवरच्या धातूच्या आडव्या कांबींचं) काम, लाकडातला पीळ. अलीकडच्या गोष्टींचा फक्त खर्च धरायचा. पसंती ठरवायची ती पलीकडच्यांवर.

मुंबईत हाताळून पाहायचं तर धोबी तलावला जेर महालातलं फुर्ताडोस आहे, खार-वांद्र्याकडे भार्गवाज आहे. रविवारची संध्याकाळ टाळा. शेजारी कुणी ड्रम वाजवत असेल तर खर्जातलं काहीच कळत नाही. आठवड्यातली सकाळ गाठा. बरोबर सहा इंची स्टीलची पट्टी, क्लिपचा ट्यूनर, स्वतःची केबल, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि साध्या ए-फोर कागदाच्या तीन पट्ट्या घ्या. स्टीलचीच पट्टी का, तर तिचं शून्य अगदी कडेला असतं. प्लॅस्टिकच्या पट्टीला आधी दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा असते आणि सगळं माप तिथेच चुकतं.

आधी बेस सुरात लावा. तारा उतरलेल्या असतील तर नेकवरचा ताण कमी होतो आणि पुढचं प्रत्येक माप खोटं येतं. मग ई ची, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबून धरा आणि सोबत्याला सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट पाहायला सांगा. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी असते. तीन पट्ट्या एकावर एक ठेवून त्या फटीत सरकवल्या आणि तार न उचलता जेमतेम आत गेल्या, तर नेकचा बाक ०.३ मिमीच्या आसपास आहे, म्हणजे ठीक आहे. एकही कागद शिरत नसेल तर नेक फार सरळ आहे किंवा मागे वाकलाय. सहा-सात कागद आरामात जात असतील तर पुढे जास्त वाकलाय.

आता तारा मोकळ्या सोडून बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत ई ला २ ते २.५ मिमी आणि जी ला, म्हणजे सगळ्यात बारीक तारेला, १.५ ते २ मिमी असेल तर बहुतेकांच्या बोटांना सोयीचं पडतं. साडेतीन मिमी दिसले म्हणून बेस नाकारू नका, आणि दीड मिमी दिसले म्हणून भाळू नका. पाहायचं आहे ते वेगळंच: अजून फिरवायला किती जागा उरली आहे. ब्रिजवरचे सॅडल (बॉडीच्या टोकाला तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे) पार तळाला टेकलेत आणि तरीही तारा उंच आहेत, याचा अर्थ नेक बॉडीत ज्या कोनात बसवलाय तो कोनच चुकलाय. तो नेक काढून खाली पातळ पाचर घालावी लागते. याउलट सॅडलखाली दोन-तीन मिमी वाव असेल तर आज कडक वाटणारा बेस उद्या मऊ होईल.

ट्रस रॉडचं, म्हणजे नेकच्या आतल्या, बाक जुळवणाऱ्या सळईचंही तसंच. जुना बेस घेत असाल तर विकणाऱ्यासमोर, त्याच्या परवानगीने, तो पाव फेरा फिरतो का हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. रॉडच्या नटकडे तोंड करून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवला की रॉड आवळतो आणि नेक सरळ होतो. उलट फिरवला की बाक वाढतो. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नाही. इंची मापाच्या रॉडमध्ये मिलिमीटरचा ॲलन पाना कोंबला की आतला षटकोन झिजून गोल होतो, आणि मग साधं पाच मिनिटांचं काम नेकच्या मोठ्या दुरुस्तीवर जातं. वापरलेल्या बेसमध्ये हे फार आढळतं, म्हणून टॉर्च मारून भोकात बघाच.

फ्रेटवरच्या खडखडीचा अर्थ लावता आला पाहिजे. सगळ्या नेकवर थोडी थोडी, सारखी, तानपुऱ्याच्या जवारीसारखी करकर असेल तर ती सेटअपने जाते. ॲम्पमधून बहुधा ऐकूही येत नाही. एकाच फ्रेटवर ठसठशीत खडखड येते आणि आजूबाजूचे स्वर स्वच्छ आहेत, तेव्हा पुढचा एखादा फ्रेट वर उचललेला असतो. एटीएम कार्डाची कड लागोपाठच्या तीन फ्रेटवर, दोन तारांच्या मधल्या जागेत, उभी ठेवून हलवा. डुगडुगलं तर मधला फ्रेट उंच आहे. एखादा असेल तर ठोकून किंवा घासून बसतो. पाच-सहा ठिकाणी डुगडुगलं तर सगळे फ्रेट घासून समपातळीत आणावे लागतील, आणि स्वस्त बेसवर हा खर्च अंगावर येतो.

नेकचा पीळ मात्र कशानेच धड सुटत नाही. बेसचा तळ डोळ्यापाशी आणून बंदूक रोखल्यासारखं हेडस्टॉककडे (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाकडे) बघा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. पीळ असेल तर बेस खाली ठेवा, कितीही स्वस्त असो.

लोक वगळतात अशी एक चाचणी म्हणजे जी च्या तारेवर चौथ्यापासून नवव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर सारख्या जोराने छेडून तो विझेपर्यंत ऐकणं. बोल्ट-ऑन (स्क्रूने बसवलेल्या) नेकच्या बेसवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर बाकीच्यांच्या निम्म्या वेळातच मरतो. नेकचं लाकूड त्या कंपनसंख्येला स्वतः थरथरतं आणि तारेची ताकद शोषून घेतं. महागड्या बेसवरही हे होतं. थोडं असेल तर चालतं, पण एकाच मॉडेलचे दोन नग दुकानात असतील तर दोन्ही असे तपासून घ्या, फरक निघतोच.

इंटोनेशनला घाबरू नका. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून छेडलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे न्यायचं, उतरा असेल तर पुढे. पण तारा गंजलेल्या असतील तर त्या स्वतःच कणसूर बोलतात, त्यांच्यावरून बेसला दोष देणं अन्याय आहे.

आता हातांचं. सर्वसाधारण बेसचं स्केल ३४ इंच असतं, शॉर्ट स्केलचं ३०. चार इंचांनी काय बिघडतं असं वाटतं, पण हिशेब करून बघा. ३४ इंची बेसवर पहिल्यापासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर जवळपास १३ सेंमी भरतं, ३० इंचीवर ११.४ सेंमी. चार बोटं चार फ्रेटवर ठेवून ई च्या तारेवर दहा मिनिटं वाजवलं की हे दीड सेंमी मनगटात जाणवतात. लहान हाताच्या, किंवा बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना स्क्वायर सोनिक ब्रॉन्कोसारखा शॉर्ट स्केल देण्यात काहीही कमीपणा नाही. त्याच्या तारांवर ताण कमी, त्यामुळे ई थोडी सैल आणि गोल बोलते, एवढंच.

नेकची रुंदी नटपाशी, म्हणजे हेडस्टॉककडच्या खाचांच्या पट्टीपाशी मोजा. फेंडर कंपनीच्या जॅझ प्रकारात साधारण ३८ मिमी, हल्लीच्या प्रिसिजन प्रकारात ४१ ते ४२. हे तीन-चार मिमी चांगले-वाईट नसतात; अंगठा नेकच्या मागे मध्यावर ठेवून वाजवणाऱ्याला रुंद नेक चालतो, अंगठा वरून डोकावणाऱ्याला अरुंद बरा वाटतो.

वजनाला प्रवासी बॅगा तोलायचा हुकाचा काटा वापरा: बेस भरलेल्या गिग बॅगेचं वजन, उणे रिकामी बॅग. चार किलोपर्यंत ठीक. साडेचार किलोचा बेस तीन तासांच्या कार्यक्रमात खांद्यावर उतरतो. त्याहून महत्त्वाचा तोल. पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडून द्या. हेडस्टॉक जमिनीकडे झुकला तर डावा हात सतत नेक उचलून धरण्यात अडकणार, सूर दाबायला मोकळा राहणार नाही. आतून खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा थोडी मदत करतो, पूर्ण इलाज होत नाही.

नादाची तुलना करताना सगळ्यात मोठी फसवणूक आवाजाच्या पातळीची असते. जो मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो. ॲक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टच्या सेलवर चालणारा, आवाज वाढवणारा प्रीॲम्प असतो, त्यामुळे तो सेल नसलेल्या पॅसिव्हपेक्षा सहसा मोठाच येतो. म्हणून एकच ॲम्प, एकच केबल, ॲम्पचे बेस-मिड-ट्रेबल मध्यावर, बेसवरचे नादाचे नॉब (ईक्यू) असतील तर तेही मध्यावर, आणि दोन्हींची पातळी ॲम्पच्या व्हॉल्यूमने सारखी करून घ्या. सोबती असेल तर तुम्ही पाठ करून बसा आणि त्याला दोन्हींवर एकच आठ मात्रांचा तुकडा वाजवायला सांगा. फोनवर रेकॉर्ड केलंत तर हेडफोननेच ऐका. खुल्या ई ची मूळ कंपनसंख्या ४१ हर्ट्झ आहे, फोनचा स्पीकर तिच्या जवळपासही पोचत नाही.

एकाच्या तारा नव्या आणि दुसऱ्याच्या जुन्या असतील तर नवा चकाकणारच. तेव्हा दोन्हींचा टोनचा नॉब निम्म्यावर आणा आणि खालच्या भागाचा भरीवपणा ऐका. मग एकच ई तीन ठिकाणी वाजवा: ई च्या तारेवर बारावा फ्रेट, ए वर सातवा, डी वर दुसरा. रंग तिन्हींचा वेगळा असेल, पण जोर सारखा हवा. ई वरचा स्वर गुदमरलेला आला तर आधी पिकअपची उंची बघा. चुंबक तारेच्या फार जवळ असला की तिला ओढतो, स्वर डळमळतो. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअपमध्ये २ ते ३ मिमी ठेवा.

पिकअपच्या जाती थोड्याच. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन आणला, १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा स्प्लिट कॉइल पिकअप दिला आणि १९६० मध्ये दोन पिकअपचा जॅझ बेस काढला. प्रिसिजनचा नाद मधल्या पट्टीत भरीव. ढोलक, कीबोर्ड आणि दोन गिटारींच्या गर्दीतही वाट काढतो. ऑर्केस्ट्रात, गणपतीतल्या कार्यक्रमात वाजवायचं असेल तर आमचं मत त्याच्याकडे झुकतं. जॅझचा मागचा पिकअप गुरगुरतो, स्वर टोकदार येतो. मात्र जॅझचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असतील तरच ५० हर्ट्झची गुणगुण मरते. एक थोडा कमी केला की ती परत येते. जुन्या चाळींत अर्थिंग धड नसतं तिथे ही गुणगुण जास्तच छळते, तेव्हा दुकानात तसंही वाजवून ऐका. यामाहा टीआरबीएक्स १७४ किंवा आयबानेझ जीएसआर २०० यांत पुढे प्रिसिजनसारखा आणि मागे जॅझसारखा पिकअप असतो. अजून कुठला नाद आवडतो हे न ठरलेल्या माणसाला हा मधला रस्ता बरा.

सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांतला गोल, चटकन विरणारा बेस हवा असेल तर बेस बदलण्याआधी फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारा लावून बघा. नेहमीच्या खरखरीत राउंडवाउंडपेक्षा महाग पडतात, पण वर्षानुवर्षं टिकतात.

पाच तारी घ्यायचा का? गायकाच्या पट्टीप्रमाणे गाणी खाली उतरवून वाजवावी लागत असतील तर खालचा बी, म्हणजे ती पाचवी जाड तार, खरंच कामाला येतो. पण तो ३१ हर्ट्झचा असतो. घरातल्या आठ इंची स्पीकरच्या ॲम्पवर नुसती फडफड ऐकू येते. नवशिक्याने चारवर शिकावं.

पैशांचं गणित पूर्ण सामानाचं करा. ३०,००० रुपये हातात असतील तर बेसवर २० ते २२ हजारांच्या पुढे जाऊ नका. बाकीच्यात सेटअप, तारांचा ज्यादा सेट, रुंद पट्टा, केबल, जाड गिग बॅग आणि घरच्यासाठी छोटा हेडफोन ॲम्प. भिंतीला भिंत लागून घर असताना मोठा ॲम्प घेऊन फायदा नाही, आणि जॅमपॅडवर (भाड्याच्या सरावाच्या खोलीत) ॲम्प असतोच. गिग बॅगेवर काटकसर नको. लोकलमध्ये बेस पाठीवर घेतला की हेडस्टॉक डोक्याच्या वर जातो आणि दाराच्या चौकटीवर पहिला फटका ट्यूनिंगच्या खुंट्यांना बसतो. बॅग छातीकडे घ्या, हेडस्टॉक वर आणि हात त्याच्यावर.

दोन बेसमध्ये चार हजारांचा फरक असेल तर स्वस्त बेसवर तारा, सेटअप आणि फ्रेटचं काम यांचा दुकानातच भाव विचारून बेरीज करा. नवीन घेताना सेटअप किमतीतच करून मागा, बरीच दुकानं देतात. आणि तो करून झाल्यावर पुन्हा मोजा.

घरी आणल्यावर दोन आठवड्यांनी कागदाच्या पट्ट्यांची चाचणी परत करा. एसी दुकानातला नेक मुंबईच्या दमट खोलीत आला की हलतो, आणि जूनमध्ये पाऊस लागला की पुन्हा हलतो. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने वरून आणि खालून पुसा, ॲक्टिव्ह बेसची केबल काढून ठेवा, कारण ती खोचलेली असेपर्यंत सेल झिजत राहतो. बाराव्या फ्रेटवरची दोन्ही मापं आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून बॅगेच्या खिशात टाका. ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजाल तेव्हा किती सरकलंय ते लगेच कळेल.