उणे ३५ मध्ये गिअर अडखळायचा : माझा अनुभव

अल्बर्टातल्या थंडीत ऑटोमॅटिक पिकअप ट्रक सकाळी उशिरा गिअर बदलायचा. तासभर हायवेवर पळूनही ट्रान्समिशनचं (गिअरबॉक्सचं) ऑइल ३० अंशांवर चढेना, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक होईना, डिझेल जास्त लागे. आधी ऑइल बदलायचा मोह होतो, पण दोष ऑइलचा नव्हता. पुढच्या जाळीमागे असलेल्या, हे ऑइल गार करणाऱ्या ट्रान्समिशन कूलरला थर्मोस्टॅटच नव्हता, त्यामुळे गार ऑइल पुन्हा गारच होऊन परतायचं.

कूलरच्या दोन नळ्यांमध्ये थर्मोस्टॅटिक बायपास व्हॉल्व्ह बसवला. ऑइल तापेपर्यंत तो कूलरला वळसा देतो. बाणाची दिशा नीट पाहा. उलटा बसला तर तो नीट काम करत नाही आणि उन्हाळ्यात ट्रान्समिशन जळू शकतं. पुठ्ठा लावून कूलर झाकणं हा तात्पुरता उपाय आहे, ट्रेलर ओढताना तो काढायलाच हवा.

ट्रान्समिशनच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या पॅनखाली २५० वॅटचा सिलिकॉन पॅड हीटर चिकटवला. इथेच बहुतेक जण घाई करतात. पॅनवरचा रंग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा, ब्रेक क्लीनरने पुसा, पॅड मधून कडेकडे दाबत हवेचा एकही फुगा ठेवू नका. फुगा राहिला तर तिथेच पॅड करपतो. कडांना सिलिकॉन सीलंट लावून २४ तास वीज देऊ नका. वायर सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधा.

निघण्याआधी तीन तास हीटर चालू ठेवतो. व्हॉल्व्ह बसवल्यावर ऑइलची पातळी गरम असतानाच तपासा; गार ऑइल आकसलेलं असतं, त्यावर भर घातली की जास्त होतं आणि फेसाळतं.