मुंबई दाखवताना या चुका टाळा: आधी वार बघा, मग नकाशा

सांगलीहून मावशी आणि काका आले होते. सोमवारी सकाळी त्यांना घेऊन गेटवेला पोचलो. घारापुरीच्या लाँचचं तिकीट मागितलं, तर खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "आज सोमवार. लेणी बंद. समुद्रात फेरी मारायची तर बोला." जन्म मुंबईत गेला आणि मला हे ठाऊक नव्हतं. मुंबईकर लेण्यांना जातो कधी? पाहुणे आले की! काका काही बोलले नाहीत. मावशीने पिशवीतलं धपाटं काढलं आणि कबुतरांकडे बघत खाल्लं.

तेव्हापासून एक कळलं, की हे शहर वारावर चालतं. सोमवारी घारापुरी बंद म्हणून कान्हेरीकडे धावू नका, ती लेणी ज्यात आहेत ते राष्ट्रीय उद्यानही त्याच दिवशी बंद असतं. गेटवेला अडकलात तर दहा मिनिटं चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठा. तिथून जवळच काळा घोडा भागात निळ्या रंगाचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आहे, १८८४ सालचं, बगदादी ज्यूंचं प्रार्थनास्थळ. ओळखपत्र जवळ ठेवा.

मंगळवारी सिद्धिविनायक 'जाता जाता' करू म्हणू नका. लोक आदल्या रात्रीपासून चालत येतात, तुमची दुपार रांगेतच जाईल. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे नवसाची प्रार्थना असते. सगळ्या धर्मांची माणसं मेणाचे हात, पाय, छोटी घरं वाहायला येतात. बघण्यासारखं आहे, पण टॅक्सीने तिथूनच पुढे जायचं असेल तर वैताग. आणि बुधवारीच राणीबाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बंद! पेंग्विन बघायचे म्हणून हट्ट धरून बसलेल्या पोराला बंद फाटकासमोर समजावणं काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. बुधवारी सरकारी सुट्टी आली तर बाग उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद, हेही लक्षात असू द्या.

हाजी अलीला गुरुवार-शुक्रवारी गर्दी असतेच. पण तिथे वारापेक्षा भरती महत्त्वाची. मोठ्या भरतीला दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल गेलेल्या शेजाऱ्याची वेळ आज तुमच्या कामाची नाही. निघण्याआधी त्या दिवसाची भरती-ओहोटी मोबाइलवर बघून घ्या.

सूर्यास्ताला गेटवे, ही चूक तर अर्धा महाराष्ट्र करतो. गेटवेचं तोंड पूर्वेला. सूर्य मागे, ताजच्या पलीकडे बुडतो आणि फोटोत येते फक्त गर्दी. गेटवे सकाळी करा, संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा.

लोकलचं सांगायचं तर सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे जाऊ नका, संध्याकाळी पाच ते नऊ उलट्या दिशेने येऊ नका. रविवारी डबे मोकळे, फोर्टातले रस्ते रिकामे, जुन्या इमारती निवांत बघता येतात, पण मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, हे आधी तपासा. बोरिवलीला उतरायचं असताना विरार फास्टमध्ये शिरलात, तर दारातली मंडळी जे ऐकवतील ते पाहुण्यांच्या कानावर न पडलेलं बरं.

रिक्षाने गेटवेला जाऊ म्हणणारे पाहुणे दरवेळी भेटतात. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढे दक्षिणेला येत नाही. तिथून टॅक्सी, बस नाहीतर लोकल.

अखेर घारापुरी. मंगळवार ते रविवारात कधीही जा, पण सकाळची लाँच धरा. तासभराचा प्रवास आहे, लाइफ जॅकेट मिळालं की अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. डिसेंबर २०२४ मधला लाँचचा अपघात याच पाण्यात झाला. धक्क्यापासून पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना आधी सांगा. माकडांसमोर पिशवी उघडू नका. माझ्या दुसऱ्या खेपेला मावशीच्या हातातली फ्रूटीची बाटली एकाने घेतली, झाकण फिरवून उघडली आणि आमच्यासमोरच प्यायला.

आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं, तो तिथे शोधत बसू नका. तो राणीबागेपाशी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बघायला जाल तर बुधवार सोडून.