बागेतल्या छोट्या खोलीच्या जोत्याला वीट कुठली घ्यायची?

परसात अवजारं, पाईप, खताच्या गोण्या ठेवायला आठ बाय सहाची खोली काढायची म्हटलं की सगळे पत्रा आणि दाराचाच विचार करतात आणि जोत्यात मात्र "मातीतच तर जाणार, कोण बघतंय" म्हणून उरल्यासुरल्या विटा ढकलतात. खरं तर सगळ्यात पक्की वीट मातीत गेली पाहिजे. आमच्या शेतावरच्या पंपाच्या खोलीला पिवळट, कच्च्या विटा गेल्या आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर जमिनीलगतचे दोन थर बोटाने खरवडले तरी भुगा पडायला लागला.

म्हणून भट्टीवर स्वतः जा. दोन विटा एकमेकींवर हलक्या आपटा, आवाज खणखणीत यायला हवा, बद्द आला तर वीट कच्ची आहे नाहीतर आत चीर आहे. नखाने ओरखडा उठता कामा नये. एक वीट फोडून बघा, आत चुन्याचे पांढरे खडे दिसले तर घेऊच नका, ओल लागली की ते फुगतात आणि वीट फुटते.

मग चार-पाच विटा घरी आणा. कोरड्या विटेचं वजन करा, 24 तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून परत वजन करा. 20 टक्क्यांपेक्षा जास्त वाढायला नको, म्हणजे 3 किलोची वीट 3 किलो 600 ग्रॅमच्या आत राहिली पाहिजे. ही टेस्ट चुकवू नका, जोत्याला पाणी पिणारी वीट म्हणजे भिंतीला कायमची ओल. सुकल्यावर पांढरे पापुद्रे सुटले तर तिच्यात खार आहे, तीही नको.

झामा वीट, म्हणजे भट्टीत जास्त भाजून काळपट झालेली, कणखर असते पण वाकडीतिकडी, तिचे तुकडे पायाच्या तळाला वापरा. फ्लाय ॲशची, म्हणजे कोळशाच्या राखेची वीट चालते, फक्त तिलाही हीच पाण्याची टेस्ट लावा. हलके एएसी ब्लॉक, म्हणजे बारीक छिद्रांचे सिमेंटचे ठोकळे, जमिनीखाली नकोत. कोकणात चांगला जांभ्याचा चिरा मिळत असेल तर विटेच्या मागे लागायचं कारणच नाही.

आणि काळी माती असेल तर नुसत्या विटेवर भिस्त ठेवू नका, ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जोतं सोबत हलतं, त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खणा.

तुटफूट धरून 10 टक्के जास्त विटा एकाच भट्टीतून मागवा, गाडी आली की नुसता वरचा थर न बघता मधल्या दोन-चार काढून वाजवून बघा, आणि मगच उतरवून घ्या.