वाचनालयात माहितीपट दाखवायचाय? आधी चर्चेची वेळ काढा

वंशभेद, इतिहास, सामाजिक न्याय यांवरचा माहितीपट अमेरिकेतल्या सार्वजनिक वाचनालयात दाखवायचा असेल, तर आखणी शेवटाकडून सुरू करा. खोली दोन तास मिळाली असेल, तर चर्चेची ४५ मिनिटं आधी बाजूला काढा. प्रास्ताविकाला पाच, मध्यंतराला दहा. उरला एक तास, आणि तेवढ्यातच बसेल असा चित्रपट शोधा. शंभर मिनिटांचा निवडलात, तर श्रेयनामावली सुरू होताच निम्मे लोक उठतात आणि चर्चेला आयोजकच उरतात.

‘रेस: द पॉवर ऑफ ॲन इल्यूजन’ (२००३) ही वंशभेदावरची तीन भागांची मालिका त्यामुळेच सोयीची आहे. प्रत्येक भाग तासाच्या आतला. एकच दाखवायचा तर तिसरा घ्या. तो घरं, गृहकर्ज आणि वस्त्यांची वाटणी यांवर आहे, त्यामुळे प्रेक्षक लगेच स्वतःच्या गल्लीबद्दल बोलू लागतात. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे बनवले होते आणि कर्जासाठी ‘धोकादायक’ ठरवलेल्या वस्त्या लाल रंगवल्या होत्या. तुमच्या शहराचा नकाशा त्यात असेल, तर मोठा छापून दाराजवळ लावा. मध्यंतरात गर्दी चहापेक्षा तिथेच होते.

परवान्याशिवाय पुढे जाऊ नका. घरगुती डीव्हीडी किंवा स्ट्रीमिंगचं वर्गणीखातं यातून सार्वजनिक खेळाचा हक्क मिळत नाही, प्रवेश फुकट असला तरी. वर्गात शिकवताना मिळणारी कायद्यातली सूट वाचनालयाच्या खुल्या कार्यक्रमाला लागू नाही. वाचनालयाने वार्षिक परवाना घेतला असला, तरी त्यात तुमच्या माहितीपटाचा वितरक आहे का ते पाहा. छोट्या कंपन्यांचे माहितीपट बहुतेकदा त्याबाहेर असतात आणि थेट वितरकाला पत्र लिहावं लागतं. जाहिरातीचं कलमही वाचा. काही परवान्यांत चित्रपटाचं नाव वाचनालयाबाहेर छापायला मनाई असते, आणि हे पोस्टर छापून झाल्यावर कळतं! हक्कांचा गुंता किती महाग पडतो, ते ‘आइज ऑन द प्राइझ’ने दाखवलं. नागरी हक्क चळवळीवरची ही मालिका १९८७मध्ये आली, पण जुन्या चित्रफिती आणि गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपल्याने बरीच वर्षं दाखवता येत नव्हती. २००६मध्ये ती पुन्हा दूरचित्रवाणीवर आली.

चाळीसेक माणसांना आठ फूट रुंद पडदा आणि ३००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप) प्रोजेक्टर पुरतो, मात्र खिडक्या झाकता आल्या पाहिजेत. सपाट जमिनीवर नेहमी होणारी चूक म्हणजे पडदा खाली लावणं. बसलेल्या माणसाचं डोकं साधारण चार फुटांवर येतं आणि सबटायटल नेमकी तळाशी असतात. पडद्याची खालची कडा चार फुटांवर ठेवा, खुर्च्या एकाआड एक सरकवून मांडा, शेवटची रांग सत्तावीस फुटांच्या आत ठेवा. सबटायटल सुरूच ठेवा. जुन्या ध्वनिमुद्रित भाषणांतले शब्द नाहीतर निसटतात. प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर तर मुळीच विसंबू नका. दोन स्पीकर स्टँडवर, डोक्यांच्या वर. आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने दहा मिनिटं चालवून पाहा. लॅपटॉपवर चित्र दिसतं आणि पडदा काळा राहतो, तेव्हा बहुतेकदा जुना प्रोजेक्टर किंवा मधला ॲडाप्टर कॉपीरोधक संकेत ओळखत नसतो. साधी एचडीएमआय केबल पंचवीस फुटांहून लांब असेल तर चित्र मध्येच जाऊ शकतं.

लिंचिंगची, म्हणजे जमावाने केलेल्या हत्यांची छायाचित्रं किंवा पोलिसांच्या मारहाणीची दृश्यं असतील, तर ते जाहिरातीत आणि प्रास्ताविकातही सांगा. दाराजवळच्या दोन खुर्च्या मोकळ्या ठेवा, म्हणजे कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर रांग ओलांडावी लागणार नाही.

चर्चेला पाच-सहा जणांचे गट करा. ‘चित्रपट कसा वाटला?’ विचारलं की ‘छान’ येतं आणि गाडी तिथेच थांबते. ‘कोणतं दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही?’ असं विचारा. खोलीत एखाद-दुसरीच कृष्णवर्णीय व्यक्ती असेल, तर ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हणत माईक तिच्याकडे सरकवू नका. ती चित्रपट पाहायला आलेली असते, साक्ष द्यायला नाही. कुणी आकडे फेकून वाद घालू लागलं, तर सूत्रसंचालकाने उत्तर देत बसू नये. प्रश्न कागदावर लिहून घ्यावा आणि त्यावरचं पुस्तक हातात द्यावं. त्यासाठी विषयावरची पंधरा-वीस पुस्तकं टेबलावर आधीच काढून ठेवा, आणि देवघेव काउंटर कार्यक्रमानंतर अर्धा तास चालू राहील असं कर्मचाऱ्यांशी ठरवून घ्या.