लिनक्ससाठी पीसी बनवताय? पार्ट घ्यायच्या आधी हे बघा

एमजी रोडला कोटेशन काढायला गेलं की दुकानदार सगळं विंडोजच्या हिशोबाने सांगतो, त्यात त्याची काही चूक नाही, पण आपल्याला उबुंटू नाहीतर डेबियन (लिनक्सचेच प्रकार) टाकायचंय तर पार्टची यादी घरूनच करून न्यायची.

प्रोसेसर, रॅम, एसएसडीचं टेन्शन नको, इंटेल घ्या की एएमडीचा रायझन, चालतंच. घोळ होतो तो ग्राफिक्स कार्ड आणि वायफायमधे. एएमडी कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कर्नलमधेच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, पण कार्ड जितकं नवीन तितका कर्नल नवीन लागतो. डेबियन १२ आहे २०२३ चं, त्यात कर्नल ६.१, आणि एएमडीचं आरएक्स ९०७० कार्ड आलं २०२५ मधे, म्हणजे ही जोडी जमत नाही. एनव्हिडिया घेतलं तर त्यांचा ड्रायव्हर वेगळा टाकायचा, आणि सिक्युअर बूट (पीसी चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर लोड होऊ देणारं सेटिंग) चालू असेल तर तो साइन केलेला, म्हणजे डिजिटल सहीचा लागतो नाहीतर लोडच होत नाही.

वायफायला मी इंटेलच सांगेन, पण इथे नीट बघा हं, त्यांचं एएक्स२०१ कार्ड फक्त इंटेल प्रोसेसरच्या मदरबोर्डवर चालतं, रायझनच्या बोर्डला एएक्स२१० घ्या. मी घाईत एक स्वस्तातला यूएसबी डोंगल घेतला होता, दर कर्नल अपडेटला ड्रायव्हर परत बिल्ड करत बसायचो, पार वैताग.

आणि पीसी जोडून झाला की लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं) घेऊनच दुकानात जा, वायफाय, आवाज, स्लीप तिथेच तपासा, बिल मग द्या. सिडकोहून परत खेप मारायची तर अर्धा दिवस जातो.