धक्क्याला बांधलेल्या बोटीवर दोघांचा संसार: निवृत्तीनंतर राहायला येणाऱ्यांसाठी

बोट धक्क्याला बांधली की ती घरासारखी वाटायला लागते, आणि हलगर्जीपणा तिथूनच सुरू होतो. घराकडे दुर्लक्ष केलं तर भिंतीला पोपडे येतात. बोटीकडे दुर्लक्ष केलं तर ती जागच्या जागी बुडू शकते. त्याला वादळ लागत नाही. एक गंजलेली क्लिप, एक कडक झालेली नळी आणि बॅटरी उतरल्यामुळे थांबलेला पंप एवढं पुरतं. म्हणून बोटीवर राहायचं तर रोज सकाळी दहा मिनिटांची फेरी आणि महिन्याला एक सकाळ दुरुस्तीसाठी, हा नेम मोडायचा नाही.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा: बोटीवरचं प्रत्येक काम दोघांनाही आलं पाहिजे. "पंप ते बघतात, स्वयंपाकाचा गॅस मी बघते" अशी वाटणी जमिनीवर चालते, इथे नाही. एकाला ताप आला, एक जण चार दिवस दवाखान्यात राहिला, तर उरलेल्याला एकट्याने बोट तरंगती ठेवायची असते. दर महिन्याला कामं अदलाबदल करून करा. ज्याला एखादी झडप हाताने फिरत नाही, त्याच्यासाठी तिच्या दांड्यावर सरकवायला पाइपचा तुकडा शेजारीच बांधून ठेवा.

राहायला येण्यापूर्वी धक्का चालवणाऱ्यांकडून कायम मुक्कामाची लेखी परवानगी घ्या. बोट बांधायला जागा मिळणं वेगळं आणि तिच्यात बाराही महिने राहायला परवानगी मिळणं वेगळं. विमाही तसाच: पॉलिसीत "राहती बोट" असा उल्लेख नसेल तर दावा अडकू शकतो.

चढणं-उतरणं

वयस्कर माणसाला बोटीवर सर्वांत मोठा धोका धक्का आणि बोट यांच्यामधल्या त्या दोन वितींच्या फटीचा. पाय टाकतानाच बोट हलते, तोल जातो, आणि फटीत पडलेल्या माणसावर बोट परत येते. रुंद, न घसरणारी पायरी धक्क्यावर पक्की बसवा आणि बोटीवर हाताला सहज लागेल असा दांडा लावा. उडी मारायची नाही, आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढायचं नाही. पिशवी आधी बोटीवर ठेवायची, मग आपण. आत उतरताना शिडीकडे तोंड करून उतरायचं, पायऱ्या कितीही ओळखीच्या असल्या तरी. पायऱ्यांच्या कडेला खरखरीत पट्टी चिकटवा. ती गुळगुळीत झाली की बदला.

पडलंच कुणी, तर बाहेर कसं यायचं ते आधीच ठरलेलं हवं. बोटीची शिडी पाण्यातून हात वर करून ओढता येईल अशीच असली पाहिजे, आणि तिची खालची पायरी पाण्याखाली निदान दोन फूट गेली पाहिजे. ओल्या कपड्यांतल्या माणसाला त्याहून वरच्या पायरीवर पाय टाकता येत नाही. थंड पाण्यात पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास आवरत नाही. तेवढा वेळ तरंगत ठेवण्यासाठी रात्री किंवा ओल्या धक्क्यावर जाताना लाइफ जॅकेट घाला आणि त्याला शिटी बांधा.

दोर

बोटीला निदान चार दोर लागतात: एक पुढच्या टोकाला, एक मागच्या, आणि दोन तिरके. तिरक्यांपैकी एक बोटीच्या पुढच्या भागातून निघून धक्क्यावर मागे जातो, दुसरा मागून निघून पुढे. बोट पुढे-मागे सरकणं हे दोनच थांबवतात, आणि नवखे नेमके तेच विसरतात. दोर नायलॉनचा घ्या, कारण तो ताणला जाऊन झटका पचवतो. धक्का तरता असेल तर भरती-ओहोटीची काळजी नाही. पक्क्या धक्क्याला मात्र दोर भरती-ओहोटीच्या फरकाच्या निदान तिप्पट लांब ठेवा: फरक दोन मीटर असेल तर दोर सहा मीटर. आखूड दोरावर ओहोटीत बोट लटकते, आणि मग खुंटा तरी उपटतो किंवा दोर तरी तुटतो. दोर तुटतो तो बहुधा जिथे कडेवर घासतो तिथेच. त्या जागी जाड कापडी नळीचं आवरण चढवा आणि सकाळच्या फेरीत तिथेच हाताचं बोट फिरवून बघा. धागे फुगून मऊ लागले की दोर उलटा करून बांधायची वेळ झाली.

आत येणारं पाणी

पाण्याच्या पातळीखाली 60 सेंटिमीटरवर 25 मिलिमीटरचं भोक पडलं, तर मिनिटाला साधारण 60 ते 100 लिटर पाणी आत येतं. तळाच्या पंपावर ताशी 7500 लिटर लिहिलेलं असलं, तरी पाणी वर चढवायचं, नळीची वळणं, उतरलेली बॅटरी हे सगळं धरून तो प्रत्यक्षात निम्मंच काढतो. म्हणजे एक नळी निसटली की एक पंप जेमतेम बरोबरी करतो. तोही आठ अँपिअर ओढत असेल तर 100 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी सहा-सात तासांत निम्म्यावर येते. पंप वेळ काढून देतो, बोट वाचवते ती बंद केलेली झडप.

तळातून जाणाऱ्या प्रत्येक नळीला झडप असते. कागदावर बोटीचा आराखडा काढा, प्रत्येक झडपेची जागा लाल खुणेने दाखवा आणि तो शिडीजवळ चिकटवा. प्रत्येक झडप महिन्यातून एकदा पूर्ण बंद-चालू करा. न फिरवलेली झडप वर्षभरात जाम होते. नळीला शक्य तिथे दोन क्लिपा, स्टेनलेस स्टीलच्या. क्लिप वरून चकाकत असली तरी स्क्रूच्या आत, पट्टीच्या खाली गंजते, म्हणून आरसा आणि टॉर्च घेऊन मागची बाजू बघा. पितळी फिटिंग गुलाबीसर दिसू लागलं, तर त्यातलं जस्त निघून गेलंय. ते वरून धड दिसलं तरी आतून बिस्किटासारखं ठिसूळ असतं, लगेच बदला. प्रत्येक झडपेशेजारी, वेळ पडली तर भोक बुजवायला, त्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा.

तळात पाणी दिसलं आणि ते कुठून येतंय ते कळत नसेल, तर असं करा. स्पंजने तळ अगदी कोरडा करा, कापडाने पुसा आणि संशयाच्या जागांखाली टाल्कम पावडर भुरभुरा. रात्रभर कुणी तिकडे हात लावू नका. सकाळी पांढऱ्या पावडरीत एक बारीक ओघळ उमटलेला असतो. त्याचं वरचं टोक जिथे, गळती तिथे.

पंपाचा तरता स्विच आठवड्यातून एकदा हाताने उचलून पंप सुरू होतो का बघा. स्विचखाली केस, लाकडाचा भुसा, प्लास्टिकचा कपटा अडकला की तो एक तर उठत नाही किंवा उठलेला राहून बॅटरी उतरवतो. पंपाला लहानसा मोजक लावलात तर फार उपयोग होतो. रोज तीनदा चालणारा पंप एक दिवस अकरा वेळा चालला, की काहीतरी सुटायला लागलंय हे पाणी दिसायच्या आधी कळतं.

किनाऱ्याची वीज

केबल जोडताना आधी बोटीकडचं टोक, मग धक्क्यावरचं. काढताना उलट. नाहीतर जिवंत टोक हातात राहतं आणि खाली पाणी असतं. दोन्ही वेळा मुख्य स्विच बंद हवा. केबलला बोटीत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच ठिबकतं. उरलेली केबल गुंडाळी करून ठेवू नका, भार वाढला की गुंडाळी तापते. दर महिन्याला प्लगच्या पिना बघा. तपकिरी डाग म्हणजे सैल जोड, आणि बोटीतल्या आगी अशाच जोडातून लागतात.

16 अँपिअर आणि 230 व्होल्टच्या जोडणीवर एकूण 3680 वॉट मिळतात. किटली 2000, हीटर 1500, पाणी तापवायची टाकी 1200: तिन्ही एकत्र लावली की वीज जाणारच. टाकी सकाळी उठल्याबरोबर, मग ती बंद करून किटली, असा क्रम लावून घ्या. गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बोटीच्या आत हवाच. त्याचं टेस्ट बटण महिन्याला दाबायचं. आणि धक्क्याच्या आसपास कधीही पोहू नये, नातवंडांनाही पोहू देऊ नये. शेजारच्या एखाद्या बोटीतून पाण्यात उतरलेली वीज, विशेषतः गोड्या पाण्यात, पोहणाऱ्याचे स्नायू आखडून टाकते.

वीज जोडलेली बोट गंजतेही लवकर, कारण अर्थच्या तारेतून ती शेजारच्या सगळ्या बोटींशी जोडली जाते आणि तिचा धातू त्यांच्या धातूसाठी झिजू लागतो. त्यावर अर्थच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. शिवाय तळाला झिजण्यासाठीच लावलेले धातूचे ठोकळे असतात: खाऱ्या पाण्यात जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम, गोड्यात मॅग्नेशियम. निम्मे झिजले की बदला, आणि त्यांना रंग लावू नका; रंगवलेला ठोकळा काम करत नाही.

ओल

बोटीवर राहणाऱ्यांना सर्वांत जास्त त्रास ओलीचा. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून दिवसाला लिटरभराहून जास्त पाणी हवेत जातं, स्वयंपाक आणि अंघोळ वेगळी. गॅसच्या ज्वाळेतूनही पाणी निघतं: एक किलो प्रोपेन जळाला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत. केबिनमध्ये 20 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असेल, तर साधारण 13 अंशांना दव पडतं. बाहेरचं पाणी त्याहून थंड असलं की तळाकडच्या भिंतीला, गादीच्या पोटाला आणि कपाटाच्या मागे थेंब येणार. काळी बुरशी दिसते तेव्हा ती आधीच रुजलेली असते. दमा असलेल्याला ती आधी जाणवते.

म्हणून दोन स्वस्त आर्द्रतामापक घ्या, एक केबिनमध्ये, एक गादीखालच्या कप्प्यात. आकडा 60 च्या खाली ठेवायचा. खालचा आकडा वरच्यापेक्षा नेहमी जास्त असतो, आणि खरा तोच. गादी फळीवर सपाट टाकू नका. खाली पट्ट्यांची जाळी किंवा हवा खेळेल अशी जाड चटई घाला, आणि रोज सकाळी गादी एका बाजूने उभी करून तासभर ठेवा. कपाटाच्या दाराला वर आणि खाली दोन्हीकडे छिद्रं पाडा. एकीकडेच पाडली तर हवा फिरत नाही. भांड्यावर झाकण, अंघोळीनंतर भिंत पुसणं, ओले कपडे आत न वाळवणं, हे शिस्तीचं काम यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतं. ओल शोषणारं यंत्र घ्यायचंच तर हवामान बघून घ्या: कॉम्प्रेसरचं यंत्र 15 अंशांच्या खाली मंदावतं, तिथे शोषक चकतीचं बरं.

आणि थंडी वाजते म्हणून हवेची भोकं कधीही बुजवू नका. आत ज्वाळा जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपण्याच्या जागेजवळ त्याचा अलार्म लावा. स्वयंपाकाचा गॅस मात्र हवेपेक्षा जड असतो, तो गळला की तळात जाऊन बसतो, म्हणून त्याचा अलार्म खाली, तळाजवळ. सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात, ज्याच्या तळाचं भोक थेट बोटीबाहेर उघडतं. रात्री रेग्युलेटर बंद.

पिण्याचं पाणी आणि मैलाटाकी

पाण्याची टाकी वर्षातून दोनदा निर्जंतुक करा. 5 टक्क्यांचं, सुगंध न घातलेलं ब्लीच, दर 100 लिटर पाण्याला 100 मिलिलिटर. टाकी भरा, प्रत्येक तोटी ब्लीचचा वास येईपर्यंत सोडा, चार तास थांबा, मग सगळं उपसून दोनदा ताज्या पाण्याने भरून रिकामी करा. टाकी स्टेनलेस स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असेल तर त्याहून जास्त वेळ ठेवू नका, धातू खाल्ला जातो. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळ्या रंगाची ठेवा. मैलाटाकी धुणारी नळी आणि ही नळी एकाच खुंटीला टांगू नका.

दोघांच्या वापरात 80 लिटरची मैलाटाकी चार-पाच दिवसांत भरते. तीन चतुर्थांश झाली की उपसायची. वास येत असेल तर आधी हवेची नळी चोंदली आहे का बघा. हवा मिळाली नाही की आतला मैला सडतो, आणि उपसताना टाकीच आत चेपते. नळी मोकळी असूनही वास येतो? मग गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं प्रत्येक नळीभोवती गुंडाळा, गार झालं की दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगा. फडक्याला वास आला, तर त्या नळीच्या रबरातूनच वास झिरपतोय. ती बदलण्याला पर्याय नाही. समुद्राच्या पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकुपात लघवीमुळे चुन्याचा थर धरतो. महिन्याला एकदा अर्धा लिटर व्हिनेगर ओतून रात्रभर राहू द्या, आणि मागची रबरी झडप दरवर्षी बदला.

बोट सोडून जाताना

दोन दिवसांहून जास्त बाहेर राहायचं असेल तर शौचकूप, मोरी आणि इंजिन यांच्या सगळ्या झडपा बंद. तळाचं पाणी बाहेर सोडणारा पंप मात्र चालू, आणि बॅटरीचा आकडा बघून जायचा: चार्जर काढून काही तास थांबल्यावर 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. दोर तपासा, फ्रिज रिकामा करून त्याचं दार उघडं ठेवा. शेजारच्या बोटीवर एक किल्ली आणि फोन नंबर द्या. इंजिनची किल्ली इंजिनच्या पाण्याच्या झडपेच्या दांड्यावरच टांगून ठेवा. परत आल्यावर झडप उघडल्याशिवाय ती हातात येणार नाही.