गावाची नगरपंचायत करायची म्हणताय? मग बोर्ड रंगवायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे नगरपंचायत झाली तेव्हा फटाके फुटले, पेढे वाटले, आणि आठवड्याभरात ग्रामपंचायतीच्या बोर्डावर नवीन फ्लेक्स लागला. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष नक्की काय चाललंय ते कोणालाच कळत नव्हतं. दाखला मागायला गेलं की "अजून शिक्का आला नाही", नळ गेला की "आता ते आमच्याकडे नाही". मी कृती समितीत होतो त्यामुळे लोक मलाच धरायचे, आणि खरं सांगायचं तर मलाही निम्मं माहीत नव्हतं. म्हणून जे नंतर धडपडून समजलं ते इथे लिहितोय, कोणाच्या गावात हा विषय निघाला असेल तर उपयोग होईल.

पहिली गोष्ट, आपलं गाव बसतं का ते बघा. महाराष्ट्रात हे सगळं १९६५ च्या नगरपरिषदा, नगरपंचायती आणि औद्योगिक नगरी अधिनियमाखाली चालतं, त्यात नगरपंचायतीसाठी कलम ३४१ क. लोकसंख्या १० हजार ते २५ हजार. २५ हजाराच्या वर गेलात तर नगरपरिषदेचा विषय सुरू होतो. नुसती डोकी मोजून भागत नाही, शेतीसोडून इतर धंद्यावर किती लोक जगतात हेही बघतात आणि जवळ महापालिका किंवा मोठी नगरपरिषद किती अंतरावर आहे तेही. तालुक्याचं ठिकाण असेल तर गोष्ट वेगळी, २०१४ ला सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं धोरणच घेतलं, त्यामुळे बरीच छोटी छोटी तालुक्याची गावं एका फटक्यात शहर झाली, कागदावर तरी.

लोकसंख्या म्हणजे जनगणनेची, तुमच्या मतदार यादीची किंवा "साहेब आता चाळीस हजार झालेत" वाली नाही. आम्ही पहिल्या निवेदनात असाच अंदाजाचा आकडा टाकला होता, तो कागद तसाच परत आला. २०११ चा आकडा टाका, सोबत बिगरशेतीचा पुरावा म्हणून दुकानं, हॉटेलं, गिरण्या, शाळा, बँका, कारखाने यांची यादी जोडा. आणि एक लक्षात ठेवा, नवीन जनगणना जवळ आली की गावांच्या हद्दी गोठवतात, त्या काळात असले बदल होत नाहीत. तेव्हा वेळ बघून अर्ज करा.

आता महत्त्वाचं. मागणी करायच्या आधी ग्रामसभेत बसून काय जाणार आहे ते मोकळेपणाने बोला. हे कोणी करत नाही. सगळे रस्ते, लाईट, गार्डन एवढंच सांगतात. जाणार काय तर एक, ग्रामसभाच जाते. आज तुम्ही उभं राहून सरपंचाला विचारता ना की बोअरच्या मोटारीचं बिल दोनदा का लागलं, तसं नगरपंचायतीच्या सभेत तुम्हाला बोलता येत नाही, तिथे नगरसेवक बोलणार. दोन, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मतदान संपतं, त्यांचे मतदारसंघ म्हणजे गट आणि गण तुमच्याशिवाय परत आखले जातात. तीन, केंद्राची रोजगार हमी ग्रामीण भागापुरती असल्यामुळे ती कामं हद्दीत बंद, आणि ग्रामीण घरकुलाच्या यादीत नंबर लावून बसलेल्यांना शहरी योजनेत नव्याने अर्ज करावा लागतो. आमच्या वस्तीवरच्या एका मावशींचं नाव ग्रामीण घरकुलाच्या यादीत अगदी वर आलं होतं, पुढच्या हप्त्यात मंजूर होणार, आणि तेवढ्यात अधिसूचना निघाली. त्यांना काय सांगणार? पेढा द्यायला गेलो होतो मी त्यांना.

चौथी गोष्ट घरपट्टी. ग्रामपंचायत घराच्या भांडवली मूल्यावर कर लावते, नगरपंचायत साधारणपणे घराला वर्षाचं भाडं किती येईल ते धरते, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करते आणि उरलेल्यावर कर लावते. शिवाय दर चार वर्षांनी फेरआकारणी. पट्टी वाढणार हे आधीच सांगा, नंतर नोटीस आली की लोक तुमच्याच दारात येतात.

आणि तुमचं गाव पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात असेल तर हा विषय अजून नाजूक आहे. घटनेतला नगरपालिकांचा भाग तिथे आपोआप लागू होत नाही, २४३ झेडसी हे कलम त्यासाठीच आहे, आणि पेसा या आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याखाली ग्रामसभेला जे अधिकार आहेत ते सोडून शहर व्हायचं का याचा विचार शंभर वेळा करा. मी तर नकोच म्हणेन.

एवढं सगळं ऐकूनही लोक हो म्हणाले तर ठराव घ्या. कायद्यात ठराव हवाच असं नाही, सरकार स्वतःहूनही करू शकतं, पण ठराव असला की फाईलला वजन येतं. प्रस्ताव तहसीलदार, जिल्हाधिकारी असा चढत मंत्रालयात नगरविकास खात्यात जातो. प्रत्येक टेबलावर पोच घ्या, आवक नंबर वहीत लिहा. आमची फाईल एका ठिकाणी सात महिने पडून होती आणि आम्ही समजत होतो मुंबईला गेली.

मग निघते प्रारूप उद्घोषणा, म्हणजे सरकारने जाहीर केलेला कच्चा मसुदा. हा कागद नीट वाचा, अगदी सर्व्हे नंबरसकट. त्यात हद्द दिलेली असते आणि हरकती-सूचना लेखी द्यायला ३० दिवस असतात, त्या जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायच्या. हद्दीवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण वाड्या-वस्त्यांवरच्या शेतकऱ्यांना वाटतं की लाईट-पाणी येणार नाही आणि पट्टी तेवढी येणार, आणि त्यांचं काही चुकत नाही. हरकत द्यायची तर "आमचा विरोध आहे" एवढं लिहून सह्या मारू नका. वस्तीचं गावठाणापासूनचं अंतर, घरं किती, पाणी कुठून येतं, शेतीवर किती कुटुंबं, असं लिहा आणि सुनावणीला स्वतः जा. सुनावणीची तारीख बऱ्याचदा आदल्या दिवशी कळते, तेव्हा दोघंतिघं जण तयार ठेवा.

अंतिम अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत त्या दिवशी संपली. सरपंच माजी होतो आणि प्रशासक येतो, बहुतेक वेळा तहसीलदार, पुढे मुख्याधिकारी आला की त्याच्याकडे चार्ज. हा जो काळ आहे ना प्रशासकाचा, माझ्या मते सगळा खेळ इथेच होतो. निवडणुकीची सगळे वाट बघतात पण गावाची मालमत्ता, नोंदी आणि माणसं ह्याच काळात इकडची तिकडे होतात आणि विचारायला कोणी निवडून आलेला नसतो. आणि हा काळ लवकर संपेल असं धरू नका, २०२२ नंतर राज्यातल्या कितीतरी स्थानिक संस्था काही वर्षं प्रशासकाच्याच हातात होत्या.

या काळात काय करायचं तर नमुना ८ पकडा. नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही, कोणाचं घर, किती फूट, कशाचं बांधकाम, मालक कोण, भोगवटादार कोण. आमच्या नमुना ८ मध्ये काही पानांवर मालकाची नावं पेन्सिलने लिहिलेली होती. वडील वारले, भावांत वाटणी झाली नाही, ग्रामसेवकाने तात्पुरतं म्हणून पेन्सिलने लिहून ठेवलं, ते पंधरा वर्षं तसंच. नवीन संगणकात चढवताना ऑपरेटरने पेन्सिलचं सोडून दिलं आणि जुनं शाईचं नाव चढवलं, म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने नोटिसा. तेव्हा चार्ज जायच्या आधी आपापल्या घराचा नमुना ८ चा उतारा सही-शिक्क्यासह काढून ठेवा, गावभर सांगा. तसंच विहिरी, टाक्या, गाळे, बाजारतळ, स्मशानभूमी, ट्रॅक्टर, जेसीबी असेल तर तो, सगळ्याची यादी करून हस्तांतरणाच्या पंचनाम्याशी ताडून बघा.

कर्मचाऱ्यांकडे पण लक्ष द्या. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा, झाडूवाली, शिपाई, हे आपोआप नगरपंचायतीचे होत नाहीत. आकृतिबंध, म्हणजे कोणती पदं किती ते मंजूर होतं, मग समावेशन, म्हणजे जुन्या माणसांना त्या पदांवर घेणं, आणि त्यात शिक्षण, भरतीची कागदपत्रं असलं बघतात. पाणी सोडणाऱ्या दादांकडे नेमणुकीचा कागदच नव्हता, वीस वर्षं नुसत्या हजेरीपटावर. जुने मासिक सभेचे ठराव शोधून काढा, त्यात नेमणूक सापडते कधी कधी.

मग प्रभाग रचना. नगरपंचायतीत १७ प्रभाग, एका प्रभागातून एक नगरसेवक, त्यात निम्म्या जागा महिलांना म्हणजे ९. नगराध्यक्ष कसा निवडायचा हे मात्र सरकार बदललं की बदलतं, आधी थेट जनतेतून केलं, २०२० ला नगरसेवकांतून, २०२२ ला परत थेट, त्यामुळे तुमच्या वेळेला काय चालू आहे ते बघून घ्या. गाव १७ हजाराचं असेल तर प्रभाग हजार लोकांचा, त्यात मतदार सातशे, चौरंगी लढतीत दोन-अडीचशे मतांवर माणूस निवडून येतो. म्हणूनच एक गल्ली इकडची तिकडे गेली तरी निकाल फिरतो. प्रारूप रचना लागली की नकाशा हातात घेऊन पायी फिरा. प्रभागाची लोकसंख्या सरासरीपेक्षा १० टक्क्यांपेक्षा जास्त इकडेतिकडे नको, रस्ता, नाला, ओढा अशा दिसणाऱ्या हद्दी हव्यात, आणि नंबर उत्तरेकडून सुरू व्हायला हवेत. आम्हाला एक प्रभाग ओढा ओलांडून पलीकडची तीनच घरं घेऊन परत आलेला सापडला. ती कोणाची घरं होती ते सांगत नाही. हरकत घेतली, दुरुस्त झालं.

आता अधिकार. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, त्यात १८ विषय आहेत, पण ते सगळे लगेच तुमच्या हातात येतात असं समजू नका, राज्य देईल तेवढे. रोजचं काय येतं तर साफसफाई, दिवाबत्ती, गटारं, पाणी, जन्म-मृत्यू नोंदणी, बाजार आणि बांधकाम परवानगी. बांधकाम परवानगी ही खरी ताकद. २०२० पासूनची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागते, आणि पुढे विकास आराखडा करायचा अधिकार नगरपंचायतीचा. आराखडा म्हणजे कोणाच्या जमिनीवर शाळेचं आरक्षण आणि कोणाच्या जमिनीला लागून रस्ता, समजलं ना. त्याच्यावर पण हरकतींना ३० दिवस मिळतात, ते चुकवू नका.

काय येत नाही हेही सांगतो. पोलीस नाही, सातबारा नाही, राज्यमार्ग बांधकाम खात्याचाच राहतो त्यामुळे मेन रोडच्या खड्ड्यावरून नगराध्यक्षाला शिव्या घालून उपयोग नाही. झेडपीची शाळाही बहुतेक ठिकाणी झेडपीचीच राहते. आणि ठराव नगरसेवकांनी केला तरी अंमल करणारा मुख्याधिकारी हा राज्याचा माणूस, शिवाय कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाला स्थगिती देऊ शकतात. आमच्या पहिल्या नगराध्यक्षांना हे कळायला सहा महिने लागले, ते आपले सही करून पाठवत होते आणि वाट बघत होते.

पैशाचं थोडक्यात. घरपट्टी-पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचं शुल्क, वित्त आयोगाचा निधी, जिल्हा नियोजनमधून येणारा आणि नगरोत्थानसारख्या योजना. बऱ्याच योजनांत नगरपंचायतीला स्वतःचा हिस्सा टाकावा लागतो आणि तो नसला की मंजूर कामही अडकतं. वसुली कमी तर सगळंच कमी.

शेवटचं काम, सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी, सात दिवस आधी विषयपत्रिका. ती मिळवा. सभा झाली की इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मागा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि पानाला २ रुपये. आमच्याकडे पहिल्या सभेचं इतिवृत्त मागितलं तेव्हा क्लार्क म्हणाला अजून लिहून झालं नाही, सभा होऊन तीन महिने झाले होते.